ठशातून उमटलेले स्वातंत्र्य

गणपती ही विद्येची तशीच कलांचीही देवता. चौदा विद्या आणि चौसष्ट कलांचा अधिपती म्हणून आपण त्याला वंदन करतो आणि उत्सवाच्या दिवसांत गाणे, नाटक, रांगोळी, चित्रकला स्पर्धा अशा रूपाने यथाशक्ती कलेची सेवाही करतो. यंदाच्या स्मरणिकेत अशा एका कलेविषयी लिहावेसे वाटले, जी चौसष्ट कलांच्या जुन्या यादीत नाही, कारण ती यादी छापखाना आपल्याकडे येण्याच्या कितीतरी आधीची आहे. ही कला म्हणजे मुद्राचित्रण. साध्या भाषेत सांगायचे तर ठसा कोरून चित्र छापणे. आपल्या स्वातंत्र्यलढ्यात या कलेने मोठे काम केले. त्या कामाचा बराच भाग आपण आज राहतो त्या बंगालच्या भूमीत झाला आणि त्यात महाराष्ट्राचाही वाटा आहे. म्हणून कोलकात्यातल्या मराठी माणसाने ही हकीकत माहीत करून घ्यावी, असे वाटते.

रंगवलेले चित्र एकच असते. ते ज्याच्या भिंतीवर टांगले जाते, त्याचे होते. ठशाचे तसे नाही. एकदा ठसा तयार झाला की त्यावरून शंभर, दोनशे, हजार प्रती निघतात. त्या स्वस्त असतात, घडी घालून खिशात जातात, टपालाने परगावी पोचतात. ज्याला अक्षरओळख नाही, त्यालाही त्यांतले सांगणे कळते. लोकमान्यांनी १८९३ च्या सुमारास गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले, त्यामागे घरातला देव चौकात आणून चार माणसे एकत्र करावीत हा विचार होता. छापलेल्या चित्राने उलट्या दिशेने तेच काम केले. चौकातला विचार त्याने घराघरांत नेला.

चित्रशाळेपासून सुरुवात

पुण्यात १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने चित्रशाळा सुरू झाली. तिथे शिळाप्रेसवर रंगीत चित्रे छापली जात. शिळाप्रेस म्हणजे दगडावरची छपाई. गुळगुळीत चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढायचे आणि मग शिळा पाण्याने ओली करायची. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे वरून फिरवलेली तेलकट शाई फक्त रेघांवर बसते आणि तेवढीच कागदावर उतरते. प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा. काम किचकट, पण एकदा जमले की प्रती भराभर निघत.

चित्रशाळेने रामपंचायतन छापले तसे पेशवाईतल्या पुरुषांची चित्रेही छापली. पेशवाई बुडून तेव्हा साठ वर्षे झाली होती. ज्यांनी ती पाहिली होती, ते बहुतेक काळाच्या पडद्याआड गेले होते. अशा वेळी नाना फडणवीसांचे चित्र घरात लावणे म्हणजे आपलेही एक राज्य होते, याची मुलाबाळांना आठवण देणे. पुढे १८८१ मध्ये 'केसरी' निघाला आणि शब्दांचे काम सुरू झाले; चित्रांचे काम त्याच्या तीन वर्षे आधीच सुरू झाले होते. योगायोग असा की त्याच १८७८ साली इकडे कोलकात्यात अन्नदाप्रसाद बागची यांनी आपल्या शिष्यांसह 'कॅलकटा आर्ट स्टुडिओ' काढला आणि तिथूनही देवदेवतांची शिळाछाप चित्रे बंगालभर जाऊ लागली. पुणे आणि कोलकाता ही दोन शहरे पुढे लाल-बाल-पाल यांच्या काळात राजकारणात जवळ आली. चित्रांच्या छपाईत ती त्याआधीच एका वाटेने चालत होती.

सरकारला या चित्रांचे सामर्थ्य लवकरच कळले. १९१० च्या प्रेस कायद्यात आक्षेपार्ह लेखनाबरोबर खुणा आणि डोळ्यांना दिसणाऱ्या आकृती यांचाही स्पष्ट उल्लेख होता. म्हणजे लेखाप्रमाणे चित्रही जप्त करता येणार होते. त्याच वर्षी 'देशेर कथा' या बंगाली ग्रंथावर बंदी आली. हा ग्रंथ लिहिणारे सखाराम गणेश देउस्कर देवघर परिसरात वाढलेले मराठी गृहस्थ होते. कोलकात्यातल्या मराठी माणसांच्या यादीत त्यांचे नाव अगदी वरचे. त्यांनी शब्दांतून जे केले, ते पुढे चित्रांतूनही झाले. २३ मार्च १९३१ ला भगतसिंग, सुखदेव आणि आपल्या खेडचे शिवराम राजगुरू यांना फाशी झाली, तेव्हा कानपूरच्या बाजारातून त्यांची रंगीत छापील चित्रे उत्तर भारतभर गेली. सरकारने ती जप्त करायचा सपाटा लावला, तरी ती घरांतल्या देवांच्या तसबिरींशेजारी जाऊन बसली. जप्त केलेल्या अनेक प्रती लंडनला गेल्या आणि आज तिथल्या ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवलेल्या आहेत.

नंदलाल बसूंचे बापूजी

आतापर्यंत सांगितलेली चित्रे छापखान्यांतली होती. त्यांना यंत्रे लागत, कारागीर लागत, भांडवल लागे. १९२० नंतर शांतिनिकेतनच्या कलाभवनात ठशाचे एक वेगळे वळण रुजले. आंद्रे कार्पेले या फ्रेंच चित्रकर्तीने तिथे लाकडावर कोरून ठसे करण्याचे शिक्षण दिले आणि आचार्य नंदलाल बसू व त्यांच्या विद्यार्थ्यांनी लाकडाबरोबर लिनोलियमही हाती घेतले.

लिनोलियम ही खरे तर जमिनीवर अंथरायची वस्तू. जवसाचे तेल आणि बुचाच्या झाडाची भुकटी यांचा लगदा तागाच्या कापडावर थापून ती बनवतात. लाकडापेक्षा ती मऊ असते आणि तिला लाकडासारखे तंतू नसतात, त्यामुळे कोरणी हवी तशी वळते. जो भाग पांढरा हवा तो कोरून काढायचा, उरलेल्या उठावावर रुळाने शाई फिरवायची, वर कागद ठेवायचा आणि चमच्याच्या पाठीने घासायचा. यंत्र नसले तरी चालते. मात्र चित्र उलटे उमटते, म्हणून सगळे उलटेच कोरावे लागते, आणि एकदा गेलेली रेघ परत आणता येत नाही. मधले करडे रंगही सहज मिळत नाहीत. काळे आणि पांढरे यांतच सगळे सांगावे लागते.

१९३० साली गांधीजींनी दांडीयात्रा काढली. १२ मार्चला ७८ साथीदारांसह साबरमतीहून निघून ते सुमारे २४० मैल चालत गेले आणि ६ एप्रिलला त्यांनी मीठ उचलले. त्या प्रसंगावर नंदलालबाबूंनी एक लिनोकट केला. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषांत हाती काठी घेऊन चालणारे बापूजी. मागे गर्दी नाही, समुद्र नाही, झेंडा नाही. एक म्हातारा माणूस पाऊल पुढे टाकतो आहे, एवढेच. गांधीजींची हजारो चित्रे निघाली, पण आज आपल्या डोळ्यांसमोर त्यांची जी चालती मूर्ती येते, ती घडवण्यात या लहानशा ठशाचा फार मोठा वाटा आहे. मीठ ही गरिबातल्या गरिबाच्या ताटातली वस्तू. तिच्यासाठी निघालेल्या यात्रेचे चित्रही कोणालाही परवडेल अशा साधनातून झाले, हे फार शोभणारे होते.

त्याच वर्षी रवींद्रनाथांचे 'सहज पाठ' हे बालवाचन प्रसिद्ध झाले. त्यातली चित्रेही नंदलालबाबूंच्या लिनोकटची. आपल्या शेजारच्या बंगाली घरातले मूल आजही त्याच काळ्या-पांढऱ्या चित्रांवर बोट ठेवून अक्षरे गिरवते. ज्या हाताने सत्याग्रहाचे चित्र कोरले, त्याच हाताने मुलांचे पुस्तकही सजवले.

नंदलालबाबूंचा महाराष्ट्राशीही संबंध आला. डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशात फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन. तिथले 'टिळकनगर' सजवण्याचे काम गांधीजींनी त्यांच्यावर सोपवले आणि त्यांनी बांबूसारख्या आसपास मिळणाऱ्या साध्या साहित्यातून ते उभे केले. १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनासाठी त्यांनी सुतार, कुंभार, शेतकरी, वादक अशी साध्या माणसांची चित्रे रंगवली आणि ती येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसतील अशी लावली. हे ठसे नव्हते, पण कला माणसांच्या वाटेवर असावी, हा विचार तोच होता.

भुकेला बंगाल

यानंतरचा अध्याय क्लेशदायक आहे आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

१९४२ साली जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिकडून येणारा तांदूळ थांबला. शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून सरकारने बंगालच्या किनारी भागातल्या होड्या काढून घेतल्या आणि तांदळाचे साठे हलवले. होड्यांवाचून मासेमारी आणि बाजारहाट बुडाली. १६ ऑक्टोबर १९४२ ला मेदिनीपूर जिल्ह्यावर भयंकर चक्रीवादळ आले. हा तोच जिल्हा, जिथे 'चले जाव' चळवळीत मातंगिनी हाजरा गोळीला बळी पडल्या आणि तमलुकला 'ताम्रलिप्त जातीय सरकार' स्थापन झाले. आपल्या साताऱ्याच्या पत्री सरकारचे हे बंगाली भावंडच म्हणायचे. १९४३ मध्ये तांदळाचे भाव आकाशाला भिडले आणि खेड्यांतली माणसे अन्न शोधत कोलकात्याच्या रस्त्यांवर येऊन मरू लागली. सरकारी चौकशी आयोगाने मृतांचा आकडा सुमारे १५ लाख धरला. पुढच्या अभ्यासकांचे अंदाज ३० लाखांच्या घरात जातात.

एवढे होऊनही सरकारने दुष्काळसंहितेप्रमाणे दुष्काळ जाहीर केला नाही. युद्धकाळातल्या बंधनांमुळे बातम्या दडपल्या जात होत्या. ऑगस्ट १९४३ मध्ये 'स्टेट्समन' या कोलकात्याच्या इंग्रजी दैनिकाने रस्त्यावरच्या बळींची छायाचित्रे छापली, तेव्हा बाहेरच्या जगाला खरी कल्पना आली. ज्या संकटाला नावच द्यायचे नाही असे राज्यकर्त्यांनी ठरवले होते, ते दाखवणे हेच आता स्वातंत्र्याचे काम झाले.

ते काम ज्यांनी अंगावर घेतले त्यांत चित्तप्रसाद हे नाव ठळक आहे. १९१५ साली नैहाटीला जन्म, शिक्षण चितगावला. चितगाव म्हणजे १९३० च्या शस्त्रागार हल्ल्याचे गाव. तिथल्या हवेतच क्रांती होती. त्यांचे आडनाव भट्टाचार्य, पण जातीची खूण नको म्हणून त्यांनी ते टाकले आणि चित्रांवर नुसते 'चित्तप्रसाद' लिहू लागले. कलाशाळेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. ते कम्युनिस्ट पक्षाचे कार्यकर्ते झाले आणि मुंबईहून निघणाऱ्या 'पीपल्स वॉर' या साप्ताहिकासाठी चित्रे काढू लागले.

नोव्हेंबर १९४३ मध्ये ते मेदिनीपूर जिल्ह्यातून फिरले आणि उपासमार झालेल्या माणसांची रेखाटने शाईने करत राहिले. या चित्रांची एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. चित्तप्रसाद अनेक ठिकाणी चित्रातल्या माणसाचे नाव आणि गाव लिहून ठेवत. तो कोण होता, त्याच्यावर काय ओढवले, तेही नोंदवत. सरकारी कागदात जो माणूस फार तर एक आकडा झाला असता, त्याला त्यांनी त्याचे नाव परत दिले. हातात अन्न देता येत नव्हते, तेव्हा एवढे तरी केले.

या दौऱ्याची हकीकत आणि चित्रे 'हंग्री बेंगॉल' या नावाने छोट्या पुस्तकरूपात छापली गेली. सरकारने त्याच्या ५००० प्रती जप्त करून जाळल्या. ज्या सरकारला महायुद्ध चालवायचे होते, त्याला एका तरुणाच्या शाईच्या रेघांची एवढी भीती वाटावी, यातच सगळे आले. पण छापलेल्या वस्तूचे एक बरे असते. सगळ्या प्रती नष्ट करणे अवघड. कुटुंबीयांनी एक प्रत बँकेच्या तिजोरीत जपून ठेवली होती. तिच्यावरून २०११ मध्ये दिल्लीच्या एका कलादालनाने ते पुस्तक पुन्हा जसेच्या तसे छापले. जाळलेले पुस्तक जवळजवळ सात दशकांनी परत वाचकांच्या हाती आले.

महाराष्ट्राने ऐकलेली हाक

बंगालचे हे दुःख महाराष्ट्रापर्यंत पोचले. १९४३ साली मुंबईत 'इप्टा' ही लोकनाट्य संस्था स्थापन झाली. नगारा वाजवणाऱ्या माणसाचे तिचे बोधचिन्ह चित्तप्रसाद यांनीच केलेले. बंगालचे कलापथक मदतनिधी गोळा करण्यासाठी मुंबईपर्यंत आले. आणि शाहीर अण्णाभाऊ साठे यांनी 'बंगालची हाक' हा पोवाडा रचला. वाटेगावच्या, फारसे शिक्षण न मिळालेल्या आणि गिरणगावात घाम गाळलेल्या या शाहिराला मेदिनीपूरच्या शेतमजुराची भूक कळली, कारण त्याने स्वतः ती सोसली होती. लिनोकट आणि पोवाडा यांत मला फार साम्य दिसते. दोन्ही थोडक्यात आणि ठसठशीत बोलतात. दोघांनाही दरबार लागत नाही, लोक लागतात.

चित्तप्रसाद स्वतः १९४६ पासून मुंबईत राहिले. त्याच वर्षी फेब्रुवारीत नाविकांचा उठाव झाला. मुंबईचे कामगार त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि गोळीबारात दोनशेहून अधिक माणसे गेली. त्या उठावावरही चित्तप्रसादांनी चित्रे केली. पुढे पक्षापासून ते दूर झाले, पण ठसे कोरणे सुटले नाही. अंधेरीतल्या लहानशा घरात, पैशाची सतत ओढाताण असताना, ते लिनोलियम कोरत राहिले. मुंबईच्या रस्त्यांवर राबणारी मुले त्यांनी ठशांत उतरवली. 'परीकथेविना देवदूत' अशा अर्थाचे नाव असलेली ही मालिका १९६९ साली युनिसेफच्या डॅनिश समितीने पुस्तकरूपाने काढली. मुलांसाठी त्यांनी 'खेलाघर' नावाचा बाहुल्यांचा खेळही चालवला. १९७८ साली कोलकात्यात त्यांचे निधन झाले.

आपण महाराष्ट्र सोडून बंगालमध्ये संसार मांडला. हा बंगाली माणूस बंगाल सोडून तीसेक वर्षे महाराष्ट्रात राहिला. परक्या गावाची सुखदुःखे आपली कशी मानावीत, याचा धडा आपण त्यांच्याकडून घ्यावा.

जखमा

चित्तप्रसाद यांनी वाटेला लावलेला एक तरुण पुढे फार मोठा मुद्राचित्रकार झाला. सोमनाथ होर, जन्म १९२१, तेही चितगावचेच. डिसेंबर १९४६ मध्ये ते रंगपूर भागात गेले. तिथे बटाईने शेत कसणारे शेतकरी पिकाचा अर्धा नव्हे, दोन-तृतीयांश वाटा मागत होते. हेच तेभागा आंदोलन. होर यांनी रोजनिशी लिहिली, रेखाटने केली आणि पुढे त्यांतून लाकडी ठसे कोरले. रात्रीची सभा, कंदिलाचा उजेड, भात घरी नेणारे शेतकरी. देश स्वतंत्र होण्याला तेव्हा आठ-नऊ महिनेच उरले होते, पण आपल्या वाट्याचे धान्य घरी येणे हेच या माणसांच्या लेखी स्वातंत्र्य होते.

होर पुढे दिल्लीत आणि मग शांतिनिकेतनात शिकवू लागले. १९७१ च्या सुमारास त्यांनी 'जखमा' ही मालिका सुरू केली. शाई नाही, रंग नाही. मातीवर किंवा मेणावर वार करायचे, त्याचा सिमेंटचा साचा करायचा आणि त्यावर कागदाचा ओला लगदा दाबायचा. वाळल्यावर पांढऱ्या कागदावर पांढरीच जखम उठते. दुष्काळ पाहिलेल्या माणसाला भूक विसरता आली नाही, एवढेच त्या कोऱ्या कागदातून दिसते. २००६ साली होर गेले.

आपण काय करावे

ही सगळी कहाणी पाहिली की स्वातंत्र्य या शब्दाचा अर्थ कसा वाढत गेला ते ध्यानात येते. चित्रशाळेच्या चित्रांत गेलेल्या राज्याची आठवण होती. नंदलालबाबूंच्या ठशात स्वतःच्या पायांनी चालणारा माणूस आला. चित्तप्रसाद आणि होर यांच्या चित्रांत तर ज्याचे कोणी नावही घेत नव्हते, तो उपाशी माणूस आला. या कलावंतांनी आपले चित्र अधिकाधिक लोकांपर्यंत जावे म्हणून स्वस्तातले साधन निवडले आणि त्याची किंमतही मोजली. यांतले बहुतेक जण श्रीमंत झाले नाहीत. आज त्यांच्या एकेका छापाला लिलावात मोठी बोली लागते. ज्या माणसांसाठी ते ठसे कोरले गेले, त्यांना ती परवडणारी नाही. पण चांगल्या प्रतिमा पुस्तकांतून मिळतात आणि मूळ कामे पाहायची असतील तर दिल्लीचे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे, तीन तासांवर शांतिनिकेतन आहे. पौषमेळ्याला जातो तसे एकदा या चित्रांसाठीही जावे.

मंडळाच्या कार्यकर्त्यांना एक सुचवावेसे वाटते. लहानपणी आपण सगळ्यांनी भेंडीचे आणि बटाट्याचे ठसे उमटवले आहेत. चित्रकला स्पर्धेबरोबर पुढच्या वर्षी मुलांसाठी ठसेकामाची एक शिबिरवजा दुपार ठेवावी. लिनोलियमचे तुकडे, दोन-चार कोरण्या, एक रूळ, शाईचा डबा आणि घरातले चमचे, एवढ्यावर भागते. शेजारच्या बंगाली मुलांनाही बोलवावे. एक मूल कोरील आणि छाप पंचवीस घरांत जाईल. त्यातूनच मुलांना कळेल की चित्र वाटले तरी कमी होत नाही.

विघ्नहर्त्याच्या हाती अंकुश आहे, तसा एक तुटलेला दातही आहे. त्याच दाताने त्याने महाभारत लिहून घेतले, अशी आपली श्रद्धा आहे. लिहिण्या-कोरण्याच्या साध्या साधनाने मोठी कामे होतात, हे गणेशभक्तांना वेगळे सांगायला नको.

गणपती बाप्पा मोरया!